पिकअपवरची उतरणारी पेटी: झोपायची खोली, पण बांधायची मालासारखी

(या भागाचं हे शब्दांकन. ऐकताना मापं आणि वजनं निसटून जातात, असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून या वेळी आकडे नीट मांडून दिले आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्या अमरावती-अकोल्याकडे दर चार घरांआड एक पिकअप उभी दिसते. बोलेरो पिकअप म्हणा, नाहीतर छोटा हत्ती म्हणा. दिवाळीच्या आगेमागे तिच्यात कापूस, मग संत्रा, मग तूर, मग हरभरा. जूनमध्ये बियाणं आणि खताच्या बॅगा. म्हणजे ती गाडी आपल्या घरातलं कमावतं माणूस आहे. आता अशा गाडीच्या मागे झोपायची खोली करायची, पण गाडीचं काम एक दिवसही अडू द्यायचं नाही, हे कसं जमवायचं?

हा प्रश्न माझ्या घरातूनच आला. माझे बाबा आमच्या गावच्या दिंडीबरोबर पंढरपूरला पायी जातात. आपल्या भागातून शेगावची गजानन महाराजांची पालखी जाते, कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी जाते, आणि लहान लहान गावांच्या दिंड्याही जातात. बाबा आता सत्तरीपार. दिवसा चालणं त्यांना जमतं. त्रास होतो तो रात्रीचा. ओल्या मैदानावर ताडपत्री टाकून झोपलं की सकाळी गुडघा वाकत नाही. मी म्हटलं, "बाबा, शेवटचे आठ दिवस मी पिकअप घेऊन येतो. मागे झोपायची सोय करतो." ते म्हणाले, "अरे, मले काय बंगला पायजे काय? रात्री आंग कोरडं राह्यलं म्हणजे झालं. पण पेरणीच्या टायमाले गाडी अडकवून ठेवू नोको."

या दोन वाक्यांत सगळं काम आलं. अंग कोरडं राहिलं पाहिजे आणि गाडी अडकायला नको. म्हणून पेटी हवी, आणि ती उतरणारी हवी.

ही कल्पना नवी नाही

बाहेरच्या देशात याला मोठा इतिहास आहे. अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत पिकअपवर ठेवायच्या अशा पेट्या खूप लोकप्रिय झाल्या. जॉन स्टाइनबेक हा लेखक १९६० साली अशीच पेटी चढवलेला पिकअप घेऊन देशभर फिरला आणि १९६२ साली त्याचं त्या प्रवासावरचं पुस्तक आलं.

पण आपल्याला तेवढं लांब जायची गरज नाही. चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची जत्रा आठवा. सातपुड्याच्या पायथ्याशी, २० डिसेंबरपासून महिनाभराच्या वर चालणारी. आमचे आजोबा बंडी घेऊन जायचे. बंडीवर बांबूच्या कमच्या वाकवून वर ताडपत्री टाकली की बाया-पोरांना सावली. तिथं पोचलं की राहुटी ठोकायची आणि बैल सोडायचे. परत आल्यावर कमच्या काढायच्या आणि त्याच बंडीत शेणखत भरायचं. बंडी एकच, कामं दोन, आणि मधली गोष्ट काढता-घालता येणारी. आपण आज हेच करतोय, फक्त बैलाच्या जागी डिझेल इंजिन आहे.

माझी पहिली पेटी का फसली

खरं सांगतो, माझी पहिली पेटी फसली. मी एका फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "दादा, मजबूत करा." एवढं एकच सांगितलं. मजबूत म्हटल्यावर त्यांनी दीड इंची, पाच मिलीमीटर जाडीचा लोखंडी अँगल लावला. बाहेरून १८ गेजचा पत्रा, आतून १२ मिलीमीटरचं प्लाय, खाली १८ मिलीमीटरचं. उंची सहा फूट, कारण मला आत उभं राहायचं होतं. दुकानातल्या दादांची यात चूक नाही. मी वजनाचा एक शब्दही काढला नव्हता.

धर्मकाट्यावर पेटीसकट आणि पेटीशिवाय गाडी मोजली. फरक आला जवळपास ५८० किलोचा. तिथले काटेवाले भाऊ हसून म्हणाले, "भाऊ, हे पेटी नोय, हे तिजोरी हाय."

मी मनात म्हटलं, गाडी तर टनाच्या वर माल उचलते, ५८० किलोचं काय घेऊन बसलात! मग परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात गेलो आणि दुसऱ्याच वळणावर उत्तर मिळालं. गाडी बाहेरच्या बाजूला अशी झुकली की स्टेअरिंगवर हात गार पडले.

कारण काय? संत्र्याचे क्रेट हौद्यात खाली, पसरून बसलेले असतात. माझ्या पेटीचं वजन मात्र वर होतं, भिंतीत आणि छतात. वजन जितकं वर, तितकी गाडी वळणावर जास्त झुकते. म्हणून "गाडी किती किलो उचलते" हा अर्धाच प्रश्न झाला. "किती उंचीवर उचलते" हा उरलेला अर्धा. मी दुसरा विचारलाच नव्हता.

ती पेटी आज आमच्या शेतात पंपाची खोली आहे. चांगली खोली आहे, फक्त गाडीवर चढवायची नाही.

मुख्य सूत्र: पेटी म्हणजे माल

दुसऱ्या खेपेला मी एक वाक्य कागदावर लिहून भिंतीला लावलं: पेटी हा माल आहे, गाडीचा भाग नाही. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं. माल आपण हलका आणि खाली ठेवतो. माल बांधतो, गाडीला वेल्ड करत नाही. माल हौद्याच्या बाहेर जाऊ देत नाही. आणि धावत्या गाडीत मालावर माणूस बसवत नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्याकडे पुढे येतोच.

माप: आठ, पाच, चार

बोलेरो पिकअपचा हौदा मॉडेलप्रमाणे साधारण आठ ते दहा फूट लांब आणि साडेपाच फुटांच्या आसपास रुंद असतो. टाटा एसचा लहान असतो, साधारण सव्वासात फूट बाय पाच फुटांच्या थोडा आत. तुमच्या गाडीचं माप टेपने घ्या आणि फाळके लावलेले असताना आतल्या बाजूने घ्या.

मी पेटी केली आठ फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट उंच. यामागे साधा हिशेब आहे. बाजारात शीट मिळतं आठ बाय चारचं. म्हणजे एक बाजू एका शीटमध्ये, न कापता, न जोडता. जोड कमी तर गळती कमी. चार फूट उंचीत माणूस उभा राहू शकत नाही, पण मांडी घालून आरामात बसतो. आपल्याला मांडी घालायची सवय आहे, मग सहा फुटांचा हट्ट कशाला?

रुंदी पाच फूटच का? दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मोकळे राहतात. तिथे पट्टे आणि हुक बसतात, आणि पेटी चढवताना हात चेपत नाही.

वजनाचा हिशेब

हा भाग वहीत लिहून घ्या. चौकोनी पाइपचं एका मीटरचं वजन काढायची सोपी पद्धत अशी: पाइपच्या रुंदीतून जाडी वजा करा, त्याला जाडीने गुणा, मग ०.०३१४ ने गुणा. सगळी मापं मिलीमीटरमध्ये, उत्तर किलोमध्ये. एक इंची, १६ गेजचा पाइप म्हणजे २५ मिलीमीटर रुंद आणि १.६ जाड. २५ वजा १.६ म्हणजे २३.४. गुणिले १.६, गुणिले ०.०३१४. उत्तर आलं मीटरला १.१८ किलो. दीड इंची, दोन मिलीमीटरचा, म्हणजे ४० रुंदीचा पाइप भरतो मीटरला २.३९ किलो.

माझ्या दुसऱ्या पेटीचा हिशेब असा:

- खालची चौकट, दीड इंची पाइप, साडेबारा मीटर: ३० किलो
- बाकीची चौकट, एक इंची पाइप, ३६ मीटरच्या आसपास: ४२ किलो
- तळाचं १२ मिलीमीटर प्लाय: २९ किलो
- बाहेरून तीन मिलीमीटरचं एसीपी शीट, साडेतेरा चौरस मीटर: ५४ किलो
- मधे एक इंची एक्सपीएस फोम: ११ किलो
- आतून चार मिलीमीटर प्लाय: ३२ किलो
- दार, खिडकी, गादी, बॅटरी, पंखा: ४० किलो

बेरीज २३८. म्हणजे तिजोरीच्या निम्म्याहून कमी. शिवाय जड वस्तू, म्हणजे बॅटरी आणि पाण्याची २० लिटरची कॅन, तळाला ठेवायच्या. छतावर काहीही बांधायचं नाही. "वर रिकामीच तर जागा आहे" हा मोह टाळा.

भाव मी मुद्दाम सांगत नाही, ते महिन्याला बदलतात. ही यादी घेऊन दुकानात जा. पाइप किलोवर मिळतो, शीट नगावर. तुमचा आकडा तुम्हीच काढा.

ऊन, पाऊस आणि घाम

आपल्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे कोणाला सांगायला नको. नुसत्या पत्र्याची पेटी उन्हात ठेवली तर ती तंदूर होते. म्हणून मधे फोम. एक्सपीएस म्हणजे तो घट्ट, निळसर किंवा गुलाबी दिसणारा बोर्ड. साधा पांढरा थर्माकोल पाणी धरतो आणि भुगा होतो. एक्सपीएस तसा पटकन होत नाही.

पण फोम घातला म्हणजे काम झालं असं नाही. लोखंडी पाइप बाहेरच्या शीटलाही टेकतो आणि आतल्या प्लायलाही. बाहेरची उष्णता त्या पाइपवाटे सरळ आत येते. म्हणून पाइप आणि शीट यांच्यामध्ये सगळीकडे फोमची चिकटपट्टी लावायची. तिचा दुसरा फायदा असा की लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना थेट लागत नाहीत. ते थेट लागले आणि त्यात पाणी गेलं, की अॅल्युमिनियम खराब व्हायला लागतं.

बाहेरून रंग पांढरा. इथे हौस करू नका. काळी पेटी फोटोत छान दिसते, झोपायला नाही.

हवा खेळण्यासाठी दोन झरोके हवेत, एक खाली आणि एक वर. गरम हवा वरून जाते, गार हवा खालून येते. दोघं जण बंद पेटीत रात्रभर झोपले तर श्वासातून आणि घामातून एक-दोन ग्लास पाणी हवेत जातं. थंडीत तेच पाणी छताला आतून धरतं आणि पहाटे थेंब तोंडावर पडतात. लोक म्हणतात पेटी गळते. पेटी गळत नसते, तिला घाम आलेला असतो. झरोके उघडे ठेवा, आणि त्यांना मच्छरदाणीची जाळी लावा.

पावसासाठी आपल्या कौलांचा नियम आठवा. वरचं कौल खालच्यावर चढतं, खालचं वरच्यावर नाही. शीटचे जोडही तसेच घ्यायचे. छताला मागच्या बाजूने एक इंच उतार द्यायचा. नुसत्या रिव्हेटवर विसंबू नका, रस्त्याच्या धक्क्यांनी रिव्हेट ढिले होतात. जोडात पीयू सीलंट भरायचं आणि मग रिव्हेट मारायचं. परीक्षेसाठी संत्र्याच्या बागेतला फवारणी पंप आणा. औषध नाही हो, साधं पाणी! एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने चारी बाजूंनी मारा करायचा. माझ्या पेटीत तीन जागी पाणी आलं, आणि तिन्ही जागा दाराच्या चौकटीला होत्या.

बांधायची कशी

आता जीवाचा प्रश्न. जोरात ब्रेक मारला की माल पुढे जाऊ पाहतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर कचकन ब्रेक लागला, तर २४० किलोची पेटी साधारण १९० किलोच्या जोराने केबिनकडे धाव घेते. वळणावर आणि खड्ड्यात आडवा आणि उभा जोर वेगळा.

म्हणून तीन गोष्टी करायच्या. एक, हौद्यात जाड रबरी मॅट टाकायची, म्हणजे पेटी घसरत नाही. दोन, पेटीचं पुढचं तोंड हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवायचं. मधे फट राहिली तर लाकडी ठोकळा घट्ट बसवायचा, म्हणजे पेटीला धावायला जागाच उरत नाही. तीन, चारी कोपऱ्यांना रॅचेटचे पट्टे. हे पट्टे पेटीच्या तळाच्या चौकटीला वेल्ड केलेल्या कड्यांत अडकवायचे आणि दुसरं टोक हौद्याच्या मूळ हुकांना. पट्ट्यावर तो किती किलोचा हे छापलेलं असतं. छापलेलं नसेल तो घेऊ नका.

नायलॉनची दोरी वापरू नका. ती ताणते, आणि ओली झाली की आणखी ढिली पडते. आपण कापसाचे बोजे दोरीने बांधतो ते वेगळं. कापूस दबतो, पेटी दबत नाही.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबा आणि पट्टे पुन्हा आवळा. पहिल्या धक्क्यांत पेटी आपली जागा धरते आणि पट्टे थोडे सुटतात. नंतर प्रत्येक चहाच्या थांब्याला एकदा हात लावून पाहायचा.

उतरवायची कशी

इथे मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडून शिकलो. ट्रॉली सोडताना दांड्याखाली हँडलचा जॅक असतो ना, तसे चार जॅक घेतले. पेटीच्या चार कोपऱ्यांना, फाळक्यापेक्षा वरच्या उंचीवर, चौकोनी पाइपचे तुकडे वेल्ड केले. त्यात आडवा दांडा सरकतो, खिळ्याने अडकतो, आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला जॅक उभा राहतो. जॅकचे पाय गाडीच्या रुंदीच्या बाहेर यायला हवेत, नाहीतर गाडी खालून निघणार कशी? बरेच जण इथेच चुकतात. पाय हौद्याच्या मापाने लावतात आणि मग चाक अडतं.

पद्धत अशी. पट्टे सोडा, फाळके खाली पाडा. चारी जॅक आळीपाळीने, एका वेळी दोन इंच, असे वर घ्या. एकच कोपरा भराभर वर नेला तर पेटी पिळवटते आणि जोड फाटतात. पेटीचं वजन जसं उतरतं तसे गाडीचे पाटे वर येतात, म्हणजे हौदाही पेटीबरोबर वर चढतो. म्हणून पेटी सुटल्यासारखी वाटली तरी आणखी तीन-चार इंच उचला. मग गाडी सरळ पुढे, अगदी सावकाश. बाजूला एक माणूस उभा पाहिजे, आणि पेटीच्या खाली कोणीही जायचं नाही.

आपल्या काळ्या मातीची एक खास गोष्ट. ओली असली की जॅकचा पाय लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. एका पायावर ६० किलो येतात. दीड इंची पाइपाखाली एक फूट बाय एक फूट फळी टाकली, तर तेच वजन साठ पटीहून मोठ्या जागेवर पसरतं. चार फळ्या गाडीत कायम ठेवा.

गाडी निघाली की पेटी तशीच उंच ठेवून आत झोपू नका. जॅक खाली घेऊन ती विटांवर टेकवा. आमची पेटी वारीचे दिवस सोडले तर शेतातच असते. रात्री रानडुक्कर आणि रोही येतात, तेव्हा जागलीला बसायला यापेक्षा चांगली खोली नाही. गाडी मात्र मोकळी, मालाला तयार.

आडवे दांडे आणि जॅक गाडी चालवण्याआधी काढून आत ठेवायचे. का, ते आता ऐका.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५२ चा सार असा की कंपनीने मूळ दिलेला तपशील आणि नोंदणीतला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट सांगितलं. म्हणून हौदा कापणं, पेटी वेल्ड करणं, केबिनला खिडकी पाडणं, यातलं काहीही नको.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४ चं पोटकलम १-अ सांगतं की माल गाडीच्या बाजूंच्या बाहेर, किंवा पुढे, मागे, उंचीत ठरल्या मर्यादेबाहेर गेला तर दंड २० हजार रुपये. म्हणून बाहेर आलेले दांडे नकोत, आणि केबिनच्या पुढे झेपावणारी परदेशी धाटणीची पेटीही नको.

राहण्याची गाडी म्हणूनच नोंदणी करायची असेल तर तो रस्ता वेगळा आहे. त्यासाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण तो कायमच्या गाड्यांचा विषय. आपली गाडी मालवाहूच राहणार.

तरीही काम सुरू करण्याआधी पेटीचं रेखाचित्र आणि वजन घेऊन तुमच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच-२७ वाल्यांनी अमरावतीला आणि एमएच-३० वाल्यांनी अकोल्याला, लेखी विचारा. रस्त्यात अडवल्यावर वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

धावत्या गाडीत पेटीत कोणी नाही

आता ज्यासाठी हा भाग केला ते सांगतो. आपल्याकडे लग्न म्हणा, स्वयंपाकाचं आवतण म्हणा, शेतमजूर म्हणा, पिकअपच्या मागे माणसं भरायची रीत पडली आहे. त्यात अशी छान गादीवाली पेटी दिसली की पहिलं वाक्य येतं, "पोरायले मागं झोपू द्या न भाऊ, आरामात जातीन."

नाही. पेटीत सीटबेल्ट नाही. ब्रेक लागला की आतलं माणूस भिंतीवर आदळतं. गाडी उलटली तर एक इंची पाइप आणि पातळ शीट त्याला वाचवणार नाही. आत काय चाललंय ते चालकाला दिसत नाही, ऐकू येत नाही.

आणि विम्याचं ऐका. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात सांगितलं की मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना संरक्षण मिळालं, पण हौद्यात बसलेल्या पाहुण्यांना नाही. म्हणजे अपघात झाला तर जखमी आपलेच नातेवाईक, आणि भरपाईचं ओझंही आपल्याच डोक्यावर.

वारीत मी बाबांना हेच सांगितलं. थकले तर केबिनमध्ये माझ्या शेजारी बसायचं. पेटी फक्त मुक्कामाला, गाडी बंद आणि चाकाला दगड लावलेला असताना. एका दुपारी पाऊस लागला आणि दिंडीतल्या दोन काकू म्हणाल्या, "बापू, दोन कोसाचाच तं सवाल हाय." मला नाही म्हणताना फार वाईट वाटलं. मग गाडी झाडाखाली लावली, त्यांना पेटीत बसवलं, आणि पाऊस थांबेपर्यंत तिथेच थांबलो. दिंडी पुढे गेली, आम्ही तासाभराने गाठली. एवढंच नुकसान झालं.

श्रोत्यांचे प्रश्न

*आत स्वयंपाक करता येईल का?* नाही. शेगडी नाही, गॅस नाही, मच्छरासाठी धुरी नाही. बंद जागेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी गादीच्या उंचीवर साठतो. रोडगे आणि वांग्याची भाजी बाहेर गोवऱ्यांवरच चांगली लागते.

*पंखा कशावर?* १२ व्होल्टचा, साधारण २४ वॅटचा पंखा घ्या. ४० अँपिअर-तासाची बॅटरी अर्धीच वापरली तरी तो दहा तास चालतो. गाडीची स्टार्टरची बॅटरी वापरू नका, सकाळी दिंडीतल्या लोकांना धक्का मारायला लावाल.

*दार कसं?* मागच्या बाजूला, आणि आतून उघडणारं. बाहेरूनच लागणारी कडी बसवू नका. शिवाय एक खिडकी अशी ठेवा की दार अडकलं तर माणूस तिच्यातून बाहेर पडेल.

*छोट्या हत्तीवर जमेल का?* जमेल, पण मापं लहान घ्या आणि वजन आणखी कमी करा. तिथे फोम आणि तळ ठेवून आतलं प्लाय पूर्ण वगळलं तरी चालतं.

तर राजेहो, एवढंच. आषाढीच्या आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला. मी केबिनमध्ये पाय दुमडून पडलो होतो आणि मनात घोर होता की दाराचं सीलंट टिकतं की नाही. पहाटे बाबांनी आतून दार उघडलं, पायावर हात फिरवला आणि म्हणाले, "कोरडंच हाय रे." मग हळूच उतरले आणि चंद्रभागेकडे चालायला लागले. घरी आलो त्याच दिवशी पेटी उतरवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हौद्यात युरियाच्या बॅगा भरल्या.

पेटी करणार असाल तर आधी वजनाची यादी करा आणि आम्हाला पाठवा, पुढच्या भागात बघू. तोवर पट्टे आवळून ठेवा. राम राम.